आरशाचा स्क्रू

६ फेब्रुवारी

चि.

(याच्यापुढे सवयीने 'सौ.' लिहिलं गेलं, ते खोडलंय. खोडाखोड दिसली तर दुर्लक्ष कर. नुसतं 'चि.' राहायला हरकत नसावी. मी तुझ्याहून मोठी आहे, हे काही कोर्टाने रद्द केलेलं नाही.)

तुझं पत्र मिळालं. वर 'स. न. वि. वि.' वाचलं आणि आधी पाकीट उलटून पाहिलं, वीज कंपनीला लिहिलेलं चुकून माझ्याकडे आलं की काय म्हणून. सहा वर्षं ज्या सासूला आई म्हणालीस, तिला सप्रेम नमस्कार विनंती विशेष? बरं, तक्रार नाही. तुला तरी दुसरं काय सुचणार होतं. मलाही 'चि.'च्या पुढे काही सुचलेलं नाहीच.

फोन करू नका, लिहा, असं म्हणतेस ते बरोबर आहे. फोनवर मी बोलत सुटते, तू 'हं' म्हणतेस, आणि मग आधी कोण ठेवतं याची दोघी वाट बघत बसतो.

तर तुझं क्लॅरिनेट. ते दुकानातच आहे, कामाच्या टेबलाच्या उजव्या खणात, मऊ फडक्यात. तू ते माझ्याकडे दिलंस आणि आठवड्याभरात घर सोडलंस. त्यामुळे मला कळेना, ते दुरुस्तीला दिलंयस की ठेवून गेलीयस. विचारायचं कोणाला? चिरंजीवांना विचारलं, तर ते म्हणाले, "आई, ते तिचं तिला ठाऊक." तू गेल्यापासून मी हेच ऐकतेय. त्याचं त्याला ठाऊक, तिचं तिला ठाऊक, आणि मधल्या मध्ये मी खुळी. आता तू मागवलंस, म्हणजे दुरुस्तीलाच दिलं होतंस. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. का कोण जाणे, तेवढं वाटलं नाही.

काम बहुतेक झालंय. लाकडाला तेल दिलं, भोकांवरच्या गाद्या सगळ्या बदलल्या, सांध्यांना नवा कॉर्क लावला. अडलीय ती एकच चावी. तू रबर बँडने बांधून आणली होतीस ना, तीच. तू वाजवतेस, पण आतून कधी बघितलं नाहीस म्हणून सांगते. चावी दोन छोट्या खांबांच्या मध्ये आडवी बसते, आणि तिच्या पोटातून एक लांब बारीक स्क्रू आरपार जाऊन पलीकडच्या खांबात फिरतो. त्या स्क्रूवर ती झुलते. तोच नाही. माझ्याकडे स्क्रूंच्या बरण्याच्या बरण्या आहेत, त्यातला एकही लागत नाही. दोन वेढे जातो आणि अडतो. त्यापुढे जोर केला की खांबाचे आटे गेलेच म्हणून समज. ज्या कारखान्याने हे वाद्य केलं तो तुझ्या जन्माआधी बंद पडला, आणि 'जिथे अडलं तिथे जोर करायचा नाही' हा तुझ्या सासऱ्यांनी मला शिकवलेला पहिला धडा.

शहराच्या वाद्यवृंदाची चाचणी मार्चच्या शेवटच्या रविवारी आहे, जागा एकच, आणि उसनं वाद्य चालत नाही, हे सगळं वाचलं. तोवर होईल. तुझ्या पत्रात आजोबांच्या स्क्रूबद्दल एक ओळ आहे, तिच्यावरून मला धागा मिळालाय. बाकी माझ्यावर सोड. तीस वर्षं हेच करतेय.

सही काय करावी कळत नाही. 'तुझी माजी सासू' लिहून पाहिलं, तर माजी नगराध्यक्ष असल्यासारखं वाटलं.

दुकानातून,
मी


२० फेब्रुवारी

चि. शिट्टी,

घरी म्हणायचो तेच लिहिते. लग्न होऊन आलीस त्या आठवड्यात तू पहिल्यांदा आमच्यासमोर वाजवायला बसलीस, घाबरलीस, आणि सुराऐवजी नुसती शिट्टी निघाली. हे नाव तेव्हाचं आहे. ते कोणी परत मागितलेलं नाही.

आता स्क्रूची हकीगत ऐक. तू लिहिलंस, 'तो स्क्रू मूळचा नव्हता, आजोबांनी स्वतः करून बसवला होता, आरशाचा.' तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांचा मोर्चा. तरी मी चष्मा लावून वाचलं, मग दुकानातलं भिंग धरून वाचलं. आरशाचाच. आरशाला स्क्रू असतो हे मान्य, पण तो क्लॅरिनेटच्या पोटात कसा जाईल ते काही डोक्यात शिरेना. तुला विचारणार होते, पण म्हटलं, आपण दुरुस्तीवाल्या, आणि गिऱ्हाइकाला विचारायचं? तुझे आजोबा दुकानदार होते एवढं मला लग्नात कळलं होतं. कसलं दुकान, ते विचारायचं राहिलं. आरशांचंच असणार, अशी मी माझी समजूत घातली.

म्हणून काचवाल्याकडे गेले. त्याने आरसा भिंतीला ठोकायचे स्क्रू दाखवले, टोपीवाले, बोटाएवढे जाड. मी म्हटलं, याहून बारीक? तो म्हणाला, "काकू, याहून बारीक लावलात तर आरसा रात्रीतून अंगावर येईल." मग सलूनमध्ये गेले. आयुष्यात पहिल्यांदा. दाढीला बसलेले दोघं-तिघं एकदम ताठ झाले. मी सलूनवाल्याला म्हटलं, तुझा आरसा मागून बघू दे. तो म्हणाला, "आई, काढून बघा, पण तोवर ह्यांची तोंडं तुम्ही बघा." मी हात हलवत परत आले. सगळी गल्ली आता मला बघितलं की डोक्याजवळ बोट नेऊन स्क्रू फिरवल्यासारखं करते. करू देत.

शेवटी सुताराने मार्ग दाखवला. म्हणाला, जुन्या ड्रेसिंग टेबलांचा आरसा भिंतीला नसतो, तो दोन खांबांच्या मध्ये झुलतो, आणि त्याला दोन्ही बाजूंनी लांब स्क्रू असतात. मी तिथेच रंध्यावर हात आपटला. आरसा दोन खांबांत झुलतो, चावीही दोन खांबांत झुलते! आजोबा काही खुळे नव्हते.

पण असं टेबल आता कोणाकडे असणार? माझ्या ओळखीत एकच आहे. ते तुमच्या खोलीत आहे. म्हणजे त्याच्या खोलीत. तू आणलेलं, म्हणजे तुझं, पण त्याच्या खोलीतलं. हे वाक्य नीट लिहिता येईना म्हणून तसंच सोडते.

त्या खोलीत मी तू गेल्यापासून पाऊल टाकलेलं नाही. केरसुणीसुद्धा दारातूनच फिरवते. आता जावं लागेलसं दिसतं.

मी


२ मार्च

चि. शिट्टी,

आरसा काढला. त्याचं वाईट झालं.

चिरंजीव त्यांच्या औषधांच्या दुकानात कामाला गेले होते, तेव्हा मी पेचकस घेऊन गेले. खोली आहे तशी आहे. तुझ्या बाजूच्या उशीला नवा अभ्रा घातलाय. एकट्या माणसाला दुसऱ्या उशीचा अभ्रा बदलायचं कारण काय, हे मी पेचकस हातात धरून किती तरी वेळ विचार करत उभी होते. कळलं नाही. मग स्क्रू काढला. दिसायला अगदी हवा तसा होता, लांब, बारीक मानेचा. दुकानात नेला, खांबाला लावला, तर तोंडसुद्धा आत जाईना. जाड निघाला. परत आणून बसवायला गेले, तर टेबलाचं जुनं लाकूड भुगा होऊन बाहेर आलं, आणि आरसा काही पुन्हा उभा राहीना. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं, तशी मी आरसा मांडीवर घेऊन बसले.

चिरंजीव आले तेव्हा आरसा भिंतीला टेकवून ठेवलेला होता. मला वाटलं, आता आवाज चढेल. निदान चढावा असं वाटलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, "काढलास? बरं झालं." हात धुतले, जेवला, ताट घासून ठेवलं. सकाळी मी दारातून पाहिलं तर आरसा टेबलावर परत उभा, मागून पुस्तकांचा टेकू दिलेला. तोंडाने 'बरं झालं' म्हणाला आणि हाताने जागेवर ठेवला. यातलं खरं कुठलं धरू? मुलगा माझा, पण त्याचा उलगडा मला त्या स्क्रूएवढाच होतो.

आता विषय निघालाच आहे तर विचारते. रागावलीस तरी चालेल. झालं काय तुमच्यात? घरात माणसं असली की भांड्याला भांडं लागतंच. तुमचा तर कधी आवाजच आला नाही. भांडण असतं तर मी मध्ये पडले असते, तुझी बाजू घेतली असती, त्याला दोन ठेवून दिल्या असत्या. तुम्ही दोघं एका सकाळी चहाचे कप खाली ठेवून मला सांगितलंत, 'आम्ही ठरवलंय,' आणि ते सहल ठरवल्यासारख्या आवाजात. मी तेव्हा विचारलं होतं, कुठे जाताय? आठवतं? अजून मला त्याची लाज वाटते, आणि अजून मला त्याचं उत्तर मिळालेलं नाही.

समोरच्या बाईंना मी सांगितलंय की तू शिकायला गेलीयस. त्या रोज विचारतात, "किती मोठा कोर्स आहे हो?" आता काय सांगू?

असो. मार्च लागला आणि मला खरोखर भीती वाटायला लागलीय. तुझी चाचणी या महिन्यात आणि माझ्या हातात रिकामा खांब. तुझी जागा माझ्या दुकानामुळे गेली तर मी तुला कुठल्या नात्याने तोंड दाखवू? नातं असतं तर तू रागवून मोकळी झाली असतीस. आता तू सभ्यपणे 'काही हरकत नाही' लिहिशील, आणि ते मला सोसायचं नाही.

मी


९ मार्च

चि. शिट्टी,

मिळाला! बसला! पण आधी तुझे पाय धरायला हवेत, नाहीतर तुझे कान. ते मागून ठरवू.

तुझं कार्ड शुक्रवारी आलं. 'आरसा?? कुठला आरसा??' माझं पत्र रमतगमत गेलं आणि तुझं कार्ड त्याहून रमतगमत आलं. तोवर इकडे उजेड पडलेला होता, तो कोणी पाडला ते ऐक.

चिरंजीवांनी परवा जेवताना विचारलं, "आई, तू सगळ्या गावाच्या आरशांच्या मागे का लागलीयस? सलूनवाला मला दुकानात येऊन विचारून गेला, घरी सगळं ठीक आहे ना." मग सांगावंच लागलं. तुझं पत्र आणलं, पण बाकीचं तळहाताने झाकून फक्त ती एक ओळ दाखवली. त्याने माझा हात बाजूला केला नाही. वाकून तेवढीच ओळ वाचली, आणि हसला. हसला म्हणजे ताटात घास पडेपर्यंत हसला.

"आई, आरशाचा नाही गं. आऱ्याचा."

"कसला आऱ्याचा?"

"सायकलच्या चाकाचा आरा! तिच्या आजोबांचं सायकलचं दुकान होतं. आऱ्याच्या टोकाला आटे असतात, तोच कापून त्यांनी स्क्रू केला असणार."

मी कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जिन्याखाली सायकल उभी, आणि मी पुरुषांच्या दाढ्या मोडत फिरतेय. खांबाची मूळची जागा झिजली असणार, म्हणून आजोबांनी तिथे आऱ्याचेच आटे पाडून घेतले. मग कारखान्याचा स्क्रू कुठून लागायचा!

मी म्हटलं, "तुझं बरंय बाबा, दिवसभर डॉक्टरांची अक्षरं वाचतोस." तो म्हणाला, "डॉक्टरांची शिकावी लागली. हिचं मी पहिल्या पत्रापासून वाचतोय." आणि पुढे म्हणाला, "अक्षर कळायचं गं मला. समोर बसून बोलायची, ते नाही कळलं."

मी विचारलं, "म्हणजे काय?" तो म्हणाला, "तेच ना." आणि उठला. तुझ्या प्रश्नाचं, म्हणजे माझ्या प्रश्नाचं, एवढंच उत्तर मला आजवर मिळालंय. ते मी जसंच्या तसं तुला लिहिलंय, त्याला न विचारता. तुला यातून काही उलगडलं तर मलाही कळव.

सायकलची दुकानं त्या दिवशी बंद. मी म्हटलं उद्या आणू. तो ऐकतोय कुठला! खाली गेला आणि स्वतःच्या सायकलच्या मागच्या चाकातला एक आरा काढून घेऊन आला. आम्ही दोघं दुकानात बसलो. त्याने आरा धरला, मी कापला, डोक्यावर कानशीने खाच पाडली, कडा घासल्या, थेंबभर तेल दिलं. खांबात फिरवला. पहिला वेढा, दुसरा वेढा, आजवर सगळे तिथेच अडकले होते. हा गेला. शेवटपर्यंत गेला, जोर न करता. रबर बँड काढला, चावी दाबली, सोडली. टप्प करून जागेवर. मला रडूच आलं. तुझ्या सासऱ्यांच्या मागे दुकान चालवायला घेतलं त्या वर्षानंतर मी कामाच्या टेबलावर रडले नव्हते.

तो म्हणाला, "वाजतंय का बघ." मी म्हटलं, माझ्यात एवढा दम नाही, तूच बघ. त्याने इकडेतिकडे पाहिलं, तोंडाला लावलं आणि फुंकलं. काय निघालं असेल? शिट्टी! लांबलचक, कर्कश्श, अगदी तुझ्यासारखी. आम्ही दोघं हसलो. मग तो तोंड धुवायला म्हणून गेला तो बराच वेळ नळ सोडून आत उभा होता.

त्याच्या सायकलचं चाक आता लचकतं. नवा आरा टाकून घे म्हटलं, तर म्हणतो, "चालतंय." रोज लचकत जातो आणि लचकत येतो.

आता एकच विचारायचंय, नीट वाच. असा हाताने केलेला स्क्रू वाजवून वाजवून हळूहळू सैल होतो. त्याला उपाय आहे. आट्यांवर लाखेचा थेंब लावला की तो जन्मात हलत नाही. मग तुला त्याच्याकडे बघायची गरज नाही, आणि कोणाकडे आणायचीही. लाख नाही लावली, तर वर्षाकाठी एकदा-दोनदा कोणाकडून तरी आवळून घ्यावा लागेल. तुझ्या गावातही दुरुस्तीवाले असतीलच, मी काही माझंच दुकान म्हणत नाही. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. मी गिऱ्हाइकाला विचारून करते.

तर लाख लावू का, ते कळव. लवकर कळव, म्हणजे चाचणीआधी पार्सल पोचेल.

तुझी
(इथे अजून जागा रिकामी आहे)


१९ मार्च

शिट्टे,

ही चिठ्ठी क्लॅरिनेटच्या पेटीतच ठेवतेय, मखमलीखाली. पार्सल आज निघेल. चाचणीला अजून आठवडा हातात आहे, तेवढ्यात चावीला तुझं बोट बसेल. सोबत आऱ्याचे दोन जादा स्क्रू करून दिलेत, चिरंजीवांच्याच चाकाचे. आता सायकल घरीच उभी असते आणि ते पायी जातात.

तुझं उत्तर काल आलं. कार्डावर दोनच ओळी. वरची ओळ, 'आई,'. एवढं स्वच्छ अक्षर तू शाळेतसुद्धा काढलं नसशील. ती ओळ मी पुष्कळदा वाचली. समोरच्या बाई आल्या होत्या, त्यांनाही दाखवली. कोर्स संपला का म्हणाल्या. माहीत नाही म्हटलं, आणि या वेळी खोटं बोलले नाही.

खालची ओळ मात्र पुन्हा मुंग्यांच्या ताब्यात गेलीय. ते 'लावू नका' आहे की 'लावून टाका'? खिडकीत नेलं, भिंगाखाली धरलं. 'लावू' दिसतं, 'न' दिसतो, शेवटचा 'का' दिसतो. मधे जे आहे तो 'टा' आहे की पोस्टाच्या शिक्क्याचा डाग, देव जाणे. एका अक्षराने सगळं उलट होतं, आणि नेमकं तेवढंच मला लागत नाही.

चिरंजीव बाहेरच्या खोलीत होते. हाक मारली असती तर त्यांनी एका नजरेत वाचून दिलं असतं. नाही मारली. दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले.

लाखेची डबी उघडून ठेवली होती. झाकण लावून फळीवर ठेवून दिली. मी 'नका' वाचलंय. चाचणीला बिनघोर वाजव, त्या दिवशी तो स्क्रू तसूभर हलणार नाही. आणि मी चुकीचं वाचलं असेल, तर पत्राने कळवू नकोस. तुझं अक्षर मला लागत नाही.

येऊन सांग.

आई